अभ्यास चालू आहे

आमच्या दाजींना कुणी "काय, घेतली का?" असं विचारलं की ते चष्मा कपाळावर सरकवतात आणि गंभीरपणे म्हणतात, "अभ्यास चालू आहे." काय घेतली, हे विचारणाऱ्यालाही नीट ठाऊक नसतं. जे काही त्या वेळी घ्यायचं असेल ते. मिक्सरचा अभ्यास आठ महिने चालला. त्या आठ महिन्यांत ताईने माळ्यावरून पाटा-वरवंटा खाली काढला, आणि घरादाराला पाट्यावरच्या चटणीची अशी चटक लागली की मिक्सर आला तो वर्षभर खोक्यातच राहिला. खुद्द ताईला बघायलाही हे गृहस्थ चार वेळा आले होते. चौथ्या खेपेला आमच्या आईने जाहीर केलं, "आता पोहे नाहीत. जे काय ठरवायचं ते चहावर ठरवा." ठरलं. दाजींना काठावरून ढकलायला कुणीतरी लागतं.

तर अशा माणसाच्या पोटी बारक्या जन्माला आला, आणि २०१९ साली, वयाच्या पाचव्या वर्षी, कुणाच्या तरी मोबाइलवर त्याने चिखल उडवत उड्या मारणारी एक छोटी मोटारसायकल पाहिली. चालवणारा पोरगा त्याच्याएवढाच होता. "मला ही पाहिजे," बारक्या म्हणाला. दुसरा बाप असता तर "गप बस" म्हणाला असता, तिसरा उठून घेऊन आला असता. दाजी उठले, खणातून टेप काढली आणि म्हणाले, "भिंतीला टेकून उभा राहा."

डर्ट बाइक निवडताना मुलाचं वय बघायचं नाही, पाय बघायचे, हा दाजींचा पहिला सिद्धांत. उंचीसुद्धा नाही, टाचेपासून जांघेपर्यंतची आतली लांबी. नवशिक्या पोराने सीटवर बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीला सपाट टेकली पाहिजेत. गाडी कलली तर त्याला ती सावरता आली पाहिजे. ही लांबी मोजायची पद्धतही ठरलेली. अनवाणी उभं राहायचं, दोन मांड्यांमध्ये जाड पुस्तक धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. दाजींनी आधी सवयीने देवघराशेजारच्या ज्ञानेश्वरीला हात घातला, तेव्हा आजींनी त्यांच्या मनगटावर फटका मारला. मग जुनी टेलिफोन डिरेक्टरी निघाली. पुण्यात आता ती कुणाकडे नसेल, दाजींकडे आहे. तीही त्यांनी उगाच ठेवलेली नव्हती, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

माप आलं अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. दाजींनी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'पीडब्ल्यू ५०'.

ही यामाहाची गाडी. १९८१ पासून जवळजवळ तशीच बनत आलेली, एवढ्यावरच दाजी तिच्या प्रेमात पडले. सीट साडेसत्तेचाळीस सेंटिमीटरवर. गिअर नाहीत, क्लच नाही, पोराची बोटं अडकायला चेनही नाही. दोन्ही ब्रेक सायकलसारखे हातात. शिवाय एक स्क्रू. तो आत फिरवला की पोराने मूठ कितीही पिळली तरी गाडी ठरावीक वेगापलीकडे जात नाही. या स्क्रूविषयी बोलताना दाजींचा कंठ दाटून यायचा. "म्हणजे बघ, वेग बापाच्या हातात!"

"तुम्हाला असा स्क्रू सासूबाईंनी जन्मतःच बसवलाय," ताई पोळी उलटत म्हणाली.

आजींचा मात्र मूळ मुद्द्यालाच विरोध होता. त्यांच्या राज्यात एकही वस्तू पोराच्या मापाची कधी आली नाही. शर्ट दोन बोटं मोठा, चड्डीला आत चार बोटं दुमड, बुटाच्या पुढे कापसाचा बोळा. "वाढत्या अंगाचा आहे, मोठीच घे. दोन वर्षं तरी पुरेल."

"आई, गाडी म्हणजे शर्ट नाही. पाय पोचले नाहीत तर पडेल."

"पडूनच शिकतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ते उगाच नाही."

"इथे उलटं आहे. पाय पाहून अंथरूण घ्यायचं."

आजींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "तू अंथरूण शोधेपर्यंत पोरगं उठून आंघोळ करून शाळेत गेलेलं असेल."

आजी हे रागाने म्हणाल्या होत्या. भविष्य म्हणून नव्हे.

अडचण अशी होती की असल्या गाड्या आपल्याकडे कोपऱ्यावरच्या शोरूममध्ये मिळत नाहीत. बाहेरून मागवायची, नाहीतर कुणाची वापरलेली शोधायची. दाजींनी वही घातली. दोनशे पानी, लाल कापडी पाठीची. आडव्या रांगेत गाड्या, उभ्या रांगेत सीटची उंची, वजन, ब्रेक, सुटे भाग कुठे मिळतात, कोण मिस्त्री हात लावेल. वजनापाशी ते महिनाभर अडकले. गाडी एक्केचाळीस किलो, बारक्या अठरा. "आडवी पडली तर उचलणार कोण?" "तुम्ही," ताई म्हणाली. हाही रकाना वाढला. मग टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, हा वाद पुढची दिवाळी खाऊन गेला. मी एकदा चूक करून फरक विचारला.

"टू-स्ट्रोक म्हणजे आमची अक्का," दाजी म्हणाले. "अंगाने हलकी. बराच वेळ काही बोलणार नाही, आणि मग एकदम अशी उसळेल की समोरचा मागे फेकला जाईल. फोर-स्ट्रोक म्हणजे आई. जड, पण सगळं सावकाश आणि सारखं. मूठ सोडलीस तर स्वतःच वेग आवरणार. शिकताना आईच बरी."

"मी कुणाला फेकलं रे?" आतून आवाज आला. अक्का माहेरपणाला आल्या होत्या.

चौकटीवर दुसरी रेघ उमटली ती पंचावन्नवर. बारक्या सात वर्षांचा झाला होता आणि 'पीडब्ल्यू ५०' वर आता त्याचे गुडघे कानाला लागले असते. शेजारी 'सीआरएफ ५०' असं लिहिलं गेलं. ही होंडाची, फोर-स्ट्रोक, म्हणजे आजींच्या स्वभावाची. तीन गिअर, पण क्लच आपोआप. वही नव्याने सुरू झाली.

गाडी येत नव्हती, पण बाकी सगळं आलं होतं, कारण त्याचा अभ्यास आधी संपला. हेल्मेट, गॉगल, छातीचं कवच, गुडघ्यांची कवचं, घोट्याच्या वर चढणारे जाड बूट. हेल्मेट तरी मोठं घ्या, असा आजींचा शेवटचा प्रयत्न होता. "सैल हेल्मेट म्हणजे डोक्यावर पालथं घातलेलं पातेलं," दाजींनी तो मोडून काढला. म्हणजे सगळं अगदी मापाचं. परिणाम असा, की बूट दोनदा लहान झाले आणि गाडी अजून यायची होती. पहिला जोड बारक्याने पावसाळ्यात शाळेत नेला. दुसरा घालून तो सोसायटीच्या स्नेहसंमेलनात अंतराळवीर झाला आणि बक्षीस घेऊन आला.

ताईचं धोरण शांत होतं. तिने २०१९ च्या वर्तमानपत्रातलं एक कात्रण फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं. मोटार वाहन कायदा बदलला होता. अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडी चालवली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. "पण आपण रस्त्यावर कुठे चालवणार? ही मैदानातली गाडी. टेम्पोत घालून न्यायची, टेम्पोत घालून आणायची," दाजी म्हणाले. "कळलं," ताई म्हणाली. "पण कोपऱ्यावर दूध आणायला म्हणून ती निघाली, तर डबा मी तुरुंगात पोचवणार नाही." लाल वहीत टेम्पोच्या भाड्याचा रकाना वाढला.

२०२४ च्या जानेवारीत बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची पहिलीच शर्यत झाली. दाजी आम्हा सगळ्यांना घेऊन गेले. मैदानात मातीचे डोंगर रचलेले, त्यांवरून माणसं गाडीसकट आकाशात जात होती, हजारो लोक ओरडत होते, बारक्या खुर्चीवर उभा होता. दाजी दुर्बीण लावून गाड्या सुटण्याआधी सगळ्यांचे पाय बघत होते. येताना गप्प गप्प. पुलाखाली सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "फक्त चवडे टेकत होते रे त्यांचे. एकाचा तर एकच पाय. साडेचारशे सीसीची सीट पंच्याण्णव सेंटिमीटरवर असते. म्हणजे शिकणाऱ्याचं माप वेगळं आणि शिकलेल्याचं वेगळं." मी घाबरून विचारलं, "मग?" "मग काय, पुन्हा बसावं लागेल."

तेव्हा चौकटीवरची रेघ सहासष्टच्या अलीकडे होती आणि शेजारी 'सीआरएफ ११०' लिहिलेलं होतं.

शेवटी ताईनेच आमच्या आईचं काम केलं. सुट्टीत एका रविवारी दाजींना न सांगता तिने गावाबाहेरच्या सरावाच्या मैदानावर बारक्याचं नाव घातलं. तिथल्या प्रशिक्षकाने बारक्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पोऱ्याला हाक मारली, "ती लाल दे रे ह्याला." दहा सेकंद. दाजींचा चेहरा पाहवेना. "मोजलंसुद्धा नाही त्याने!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग प्रशिक्षकाची पाठ वळताच त्यांनी खिशातली टेप काढली, सीटला लावली, वही उघडली. बरोबर होती. दाजींना याचंच जास्त वाईट वाटलं.

बारक्या पहिल्या वळणाला पडला, उठला, दुसऱ्या वळणाला पडला, हसत उठला. पाच वर्षांनी बूट एकदाचे चिखलात माखले.

त्यानंतर महिन्याभरात, म्हणजे दाजींच्या हिशेबाने अविचारी घाईने, आम्ही कोल्हापूरला वापरलेली ११० बघायला गेलो. विकणाऱ्या गृहस्थांनी दार उघडलं. त्यांच्या हातात वही होती. लाल, कापडी पाठीची.

"या की. बसा निवांत. घाई कशाची?" ते म्हणाले, आणि मी ओळखलं की दुपार गेली. गाडी नव्यासारखी होती. त्यांच्या पोराने ती मोजून चार वेळा चालवली होती. "अभ्यास करूनच घेतली बघा. पण गाडी दारात आली तवर पोराचे गुडघे हँडलला लागायला लागले." दाजींनी त्यांचा हात हातात घेतला. पुढचे चार तास त्या दोघांनी सीटचा फोम, मागच्या स्प्रिंगची ताकद आणि पोराचं वजन यावर काय बोलणं केलं ते देव जाणे. बारक्या आणि मी दोनदा तांबडा-पांढरा रस्सा ओरपून आलो. निघताना दोघांनी एकमेकांच्या वहीतले आकडे उतरवून घेतले.

येताना गाडी टेम्पोत पुढे होती आणि आम्ही मागे. बारक्या झोपला होता. टेम्पोवरची नजर न काढता दाजींनी एकाएकी विजारीचा उजवा पाय वर ओढला. नडगीवर वीतभर पांढरा व्रण होता. "नऊ वर्षांचा होतो. वडिलांची सायकल. सीटवर बसलो की पाय पायडलला पोचायचे नाहीत, म्हणून दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारायचो. उतारावर ब्रेक सापडला नाही." थोडं थांबून म्हणाले, "मला सगळं मोठंच मिळालं रे. बूट, सायकल, कोट. मी पुरा होईपर्यंत ते विरलेलं असायचं." मग विजार खाली केली आणि टेम्पोवाला दोरी नीट बांधत नाही, यावर सातारा येईपर्यंत बोलले.

गेल्या वर्षी घर रंगवायला काढलं. ताईने रंगाऱ्याला बजावून सांगितलं, सगळं रंगव, स्वयंपाकघराची चौकट सोडून. तिच्यावर सात रेघा आहेत आणि प्रत्येकीशेजारी एका गाडीचं नाव. त्यांतली एकच गाडी घरात आली, तीही दुसऱ्याच्या अभ्यासातली.

परवा मी गेलो तेव्हा बारक्या बारा वर्षांचा, जवळजवळ ताईएवढा उंच, त्या चौकटीपाशी उभा होता. हातात टेप, काखेत डिरेक्टरी. त्याला आता क्लचवाली गाडी हवी आहे आणि ११० पडून राहणार आहे. "मामा, ती बाबालाच शिकायला देऊ. स्क्रू मी फिरवून ठेवतो." दाजी अनवाणी, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, मांड्यांत टेलिफोन डिरेक्टरी धरून चौकटीला टेकून उभे होते, पाठ अगदी ताठ. बारक्याने वाकून टेप लावली. त्याने पेन्सिलीने आठवी रेघ मारली, शेजारी 'बाबा' लिहिलं आणि पुढे आकडा.

दाजींनी मान वळवून तो वाचला.

"टाचा टेकल्या होत्या ना नीट?" ते म्हणाले. "पुन्हा मोज."