जपून ठेवलेली डबी

कपडे वाळत घालता घालता काकूंनी भिंतीपलीकडून हाक मारली, "अगं, तो माच्चा चहा संपला का गं?"

मी नुसती हसले. माझं हे हसणं काकूंना चांगलं ठाऊक आहे.

"काय केलंस?"

"काही नाही हो. म्हटलं, एवढा तुमच्या लेकीनं जपानहून पाठवलेला, तुम्ही त्यातली एक डबी मला दिलीत. पाहुणे आले की काढू. तीन महिन्यांत आला कोण, तर धाकटे दीर. घोटभर घेतला आणि म्हणाले, वहिनी, पालकाचं सूप छान झालंय."

काकू खो खो हसल्या, पण चौकशी सोडतात कशाला! "ठेवलास कुठं?"

आता आली का पंचाईत. रंग इतका देखणा, पोपटाच्या पिसासारखा, की अर्धा मी काचेच्या बरणीत भरून खिडकीशी ठेवला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. आठवड्या-दोन आठवड्यांत पोपट गेला आणि सुकलेल्या मेंदीचा रंग आला.

काकूंनी ओल्या हातानंच कपाळ बडवलं. "अगं, खुडणीच्या आधी तीन-तीन आठवडे ती झुडपं झाकून ठेवतात. पूर्वी बोरू नि भाताचा पेंढा अंथरायचे, आता काळी जाळी. ऊन कमी मिळालं की पान हिरवंगार होतं, तुरटपणा कमी राहतो. त्यांनी एवढी मरमर करून सावलीत वाढवायचं आणि तू ते उन्हात मांडायचं!"

"आणि उरलेला अर्धा?"

तो फ्रीजमध्ये होता. सैल झाकणाच्या स्टीलच्या डबीत, लसणीच्या चटणीला खेटून. पुढचं सांगायची गरज पडली नाही. चहा वासाचा भारी हावरा. मी केलेल्या त्या कपाला चटणीचा असा काही दर्प होता की सोबत भाकरीच घ्यावी.

"हसू नका, तुमच्या डबीचं काय झालं ते मला माहीत आहे," मी म्हटलं. माहीत काही नव्हतं, पण खडा लागला. काकूंनी चिमटा तोंडात धरला, चादर पसरली आणि मग कबुली दिली. त्यांनी डबी नीट सीलबंद फ्रीझरमध्ये ठेवली होती. ऐन श्रावणात काढली आणि तशीच गार उघडली. दमट हवा आत शिरली, पावडरीला घाम फुटला, गाठीच गाठी. लेक व्हिडिओ कॉलवर ओरडली म्हणे, "आई, बंदच बाहेर ठेवायची, पार कोमट होऊ द्यायची, मग झाकण!"

"पण काकू, आपला चहा बरा वर्षभर टिकतो."

"तो पानाचा गं. हे पीठ." आणि मग काकूंचं उजी सुरू झालं. क्योतोजवळच्या त्या गावात त्यांनी दगडी जातं पाहिलं होतं. इतकं सावकाश फिरतं की तासाला तीस-चाळीस ग्रॅमच निघतात. घाई केली तर पावडर तापते. पीठ टाल्कम पावडरीहून मऊ. जेवढं बारीक, तेवढी हवा जास्त लागणार. "बाजरीचं पीठ नाही का कडू होत? दाणा कणगीत टिकतो, पीठ आठवड्यात नाक मुरडायला लावतं. तसंच."

जुन्या काळी तर ते पीठ साठवतच नसत म्हणे. पानं कागदी पुड्यांत बांधून मातीच्या बरणीत, भोवतीनं दुसरी पानं ठासायची, तोंड मोहोरबंद करायचं. उन्हाळाभर बरणी गार जागी, आणि नोव्हेंबरात मोठ्या मानानं फोडायची. लागेल तेवढंच दळायचं. तिथला सत्ताधीश शोगुन, त्याच्यासाठीच्या या बरण्या उजीहून त्याच्या एदो शहरी मिरवणुकीनं जायच्या, तेव्हा रस्त्यातल्या माणसांनी गुडघे टेकायचे. बरणीपुढं! आमच्याकडे लोणच्याच्या बरणीला सोवळं असतं, पण एवढं नाही.

"तुझ्या डबीत किती होतं?"

"तीस ग्रॅम."

"कपाला दोन. म्हणजे पंधरा कप. फोडल्यावर महिन्या-दीड महिन्यात संपवायचा जिन्नस आणि तू पाहुण्यांची वाट बघत बसलीस!"

त्या तडक आत गेल्या आणि नवी डबी घेऊन आल्या. ती रात्रीपासूनच बाहेर काढून ठेवली होती, असं दिसलं. धडा घेतला होता. तळाशी पेननं आजची तारीख घातली, भिंतीवर ठेवून खटकन झाकण उघडलं. हिरवा, ओल्या गवताचा वास.

"माझं ते मेंदीरंगी काय करू?"

"श्रीखंडात घाल, साखरेखाली झाकून जाईल. लसणीचं तेवढं मोरीत टाक."

"आणि हे पाहुण्यांना?"

"पाहुण्यांना आल्याचा चहा. जा, कप आण."