सामायिक पांघरूण

चाकरमानी गावाला दोन तऱ्हेने येतो. एक गणपतीतलं येणं, आणि दुसरं साठीनंतरचं, कायमचं. कायमच्या येण्याचं कौतुक पंधरा दिवस टिकतं. मग घरातल्यांच्या ध्यानात येतं, की हा माणूस आता कणकवलीला जाऊन कोकणकन्या पकडणार नाहीये.

आचऱ्याचे आमचे काका याच जातकुळीतले. विशीच्या आत मुंबईला गेले, गिरणीला लागले आणि लालबागला गाववाल्यांच्या खोलीत राहिले. त्या खोलीत माणसं जास्त आणि वळकट्या कमी. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच उबेत आडवा. १९८२च्या संपानंतर काका एका ऑफिसात शिपाई झाले, पण खोली तीच राहिली. म्हणजे अंथरूण वाटून घेण्याची सवय त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. फक्त ती पाळीपाळीने वाटून घेण्याची. दुसरा हिस्सेदार हजर असताना निजण्याचा सराव नाही.

काकी इकडे आचऱ्यात. सासू-सासरे, पोरं, गुरं, आणि महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर. लग्नाला चाळीस वर्षं होत आली. पण त्यातला सहवास मे महिन्यातला आणि गणपतीतला. मे महिन्यात मालवण किनाऱ्यावर पांघरूण कुणालाच नको असतं, आणि गणपतीत घरात इतके पाहुणे की बायका माजघरात, पुरुष पडवीत. तेव्हा एका गोधडीखाली रोज निजायचा प्रसंग या दांपत्यावर खऱ्या अर्थाने आला तो साठीनंतर. त्यात मुलाने कुडाळहून डबलबेड आणून टाकला, आणि तक्रारीला जागा झाली.

काकांना पंखा पाचावर लागतो. मुंबईची सवय. पंखा पाचावर फिरला की त्यांना थंडी वाजते, मग ते गोधडी डोक्यापर्यंत ओढतात, आणि कूस बदलली की ती अंगाभोवती गुंडाळली जाते. मध्यरात्री काकी कुडकुडत उठतात.

"खंय गेली गोधडी?"

"माका काय ठावक?"

"तुमच्याच आंगाखाली असा. सगळी गुंडाळून घेतलात. मगे पंखो कित्याक?"

"उकाडता म्हणान पंखो लावलंय, आणि थंडी वाजता म्हणान गोधडी घेतलंय."

"पंखो बंद करा. दोनय तंटे सुटतले."

तंटे सुटले तर तो कोकणी माणूस कसला! आमच्याकडे सातबाऱ्यावर एका गुंठ्याला वीस-वीस नावं असतात, आणि त्यातली निम्मी वारलेली. काकांचे स्वतःचे दोन दावे मालवणच्या कोर्टात वर्षानुवर्षं चालू आहेत, त्यामुळे गोधडीकडेही ते सामायिक मिळकत म्हणूनच बघतात. त्यांचं म्हणणं, मालकी कुणाचीही असो, वहिवाट आपली आहे. काकी मुळातच मालकीवर येतात. गोधडी त्यांनी हाताने शिवलेली. वरच्या थराला त्यांची लुगडी, आतल्या थराला सासूची, आणि धावदोऱ्याची सगळी शिलाई पावसाळ्यातल्या दुपारी घातलेली.

"लुगडी माझी, सुई माझी, दोरो माझो."

"आणि लुगड्यांचे पैशे? मनीऑर्डर कोणी धाडल्यान?"

"मनीऑर्डर सासूच्या नावान येय होती. मगे गोधडी तिचीच."

इथे काका गप्प होतात. मयताच्या नावावरची मिळकत म्हणजे वारस तपास आला, आणि त्यात मुंबईच्या दोन बहिणी निघतील, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

कुणी म्हणेल, दोन पांघरुणं घ्यावीत. मी म्हणून बघितलं. कपाटात मुंबईहून आणलेल्या सोलापुरी चादरी घडीवर घडी पडून आहेत. पण काकी म्हणाल्या, उद्या दांडीवर दोन पांघरुणं वाळत पडलेली दिसली, तर सांज व्हायच्या आत सगळ्या वाडीत होईल की म्हाताऱ्यांचं बिनसलं. पावसाळ्यात तर आणखीच पंचाईत. चार-चार दिवस ऊन नाही, गोधडी चुलीवरच्या दोरीवर पसरलेली. ती एकच वाळता वाळत नाही, तिथे दोन कोण वाळवणार? धुराचा वास लागलेली गोधडी काका नाकापासून लांब धरतात. पावसाळ्यात काकींना पूर्ण पांघरूण मिळतं ते असं.

या वादाचा जाहीर निकाल लागला तो गावपळणीत. आचऱ्यात दर काही वर्षांनी रामेश्वराच्या कौलाने सगळं गाव वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबडी, कुत्री, सगळी. घरं मोकळी टाकून तीन दिवस, तीन रात्री राहुट्यांत काढायच्या. दिवस थंडीचे. काका-काकी चिंदरच्या बाजूला झावळांच्या खोपीत होते, आणि गडबडीत बरोबर आलं होतं पांघरूण एकच.

खोपीला भिंती नाहीत. डाव्या बाजूला एक भावकी, उजव्या बाजूला दुसरी, आणि समोर ज्यांच्याशी गडग्यावरून दावा चाललाय ते. अशा साक्षीदारांपुढे ओढाओढ कशी करणार? घरात जे कधी ऐकलं नव्हतं ते त्या रात्री आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"तू घे गो."

"नको, तुमीच घेवा. तुमका खोकलो असा."

"माका खंय थंडी? तू घे."

समोरच्या खोपीतून कुणीतरी हसलं. त्यामुळे सौजन्य आणखी वाढलं. दोघंही गोधडी एकमेकांच्या अंगावर लोटत राहिली, आणि लोटता लोटता कधीतरी झोपी गेली. पहाटे बघतात तर दोघं दोन बाजूंना गुडघे पोटाशी घेऊन, आणि गोधडी पायथ्याशी. तिच्यावर वाडीतला काळा कुत्रा वेटोळं करून निजलेला. काकांनी 'हाड' केलं. त्याने एक डोळा उघडला आणि मिटला.

काकींनी उठून अंबाडा बांधला, शांतपणे कुत्र्याकडे बघितलं आणि समोरच्या खोपीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आता ह्येचाच नाव लावा सातबाऱ्यार."