बंद करा, चालू करा

कार्तिक पौर्णिमेला बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीपुढे हात जोडलेले कमी, मोबाइल उंचावलेलेच जास्त दिसतात. त्यातले बहुतेक अँड्रॉइड, म्हणजे तळाशी लिनक्स ही प्रणाली. घेणाऱ्याला हे ठाऊक नाही. विकणाऱ्याला तरी कुठे होतं?

नोव्हेंबर २०१९ मध्ये याच लिनक्समधल्या मेमरी लीकच्या त्रुटींचा एक गठ्ठाच जाहीर झाला. वाय-फाय चालवणाऱ्या ड्रायव्हरांचा त्यात चांगलाच भरणा होता. इंटेल, रिअलटेक, मार्व्हेल, अथेरॉस, सगळ्यांच्या चिपांचे ड्रायव्हर त्यात. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे इथे एका पंगतीला!

अशा प्रत्येक त्रुटीला एक क्रमांक मिळतो. त्यातला सीव्हीई-२०१९-१९०७४ घ्या. अथेरॉसच्या चिपचा ड्रायव्हर. तो चिपला हुकूम सोडतो, त्यासाठी थोडी मेमरी घेतो आणि उत्तराची वाट बघतो. उत्तर वेळेत आलं नाही की हात झटकून मोकळा. घेतलेली मेमरी तशीच अडकून. देवस्थानातून पातेली न्यायची, आचारी आला नाही म्हणून जेवणावळ रद्द करायची आणि पातेली मात्र घरीच ठेवायची, तसलं हे. चार-दोन घरांनी असं केलं की पुढच्याच्या लग्नात भात कशात शिजवायचा?

दुरुस्ती किती मोठी? एक ओळ. वेळ टळली तर घेतलेलं सोड.

खरी गंमत पुढेच आहे. इंटेलच्या ड्रायव्हरमधली एक गळती मेमरी मागूनही मिळाली नाही, तरच सुरू होते. म्हणजे आधीच टंचाई, त्यात हा जे हाती लागलं तेही अडकवणार. त्याच गठ्ठ्यातल्या दुसऱ्या एका त्रुटीवर तर जाणकारांनी हरकतच घेतली: ही चूक घडायला यंत्राची मेमरी आधीच संपलेली असावी लागते! मेलेल्याला आणखी काय मारणार? नोंद मात्र कायम. क्रमांक एकदा मिळाला की मिळाला.

आणि घाबरायचं किती? यात तुमचे फोटो बाहेर जात नाहीत, पासवर्डही नाही. यंत्र मंदावतं, अडखळतं, शेवटी बसतं. पण ‘तुमचा वाय-फाय धोक्यात, सर्वांना पाठवा’ हे पुढे ढकलण्याआधी एवढं वाचतो कोण?

लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, अशी अडकवलेली मेमरी सोडवायला सामान्य माणसाच्या हातात एकच उपाय. रीस्टार्ट. कस्टमर केअरवाला वर्षानुवर्षं हेच सांगतोय आणि आपण त्याच्यावर खेकसतोय. बिचारा बरोबर सांगत होता.

का, ते त्यालाही माहीत नव्हतं.

आता कपिलधारजवळच्या मांजरसुंब्याच्या चौकातल्या एखाद्या दुकानात भिंतीवर टांगलेला राउटर बघा. त्याच्याही पोटात बहुधा लिनक्सच. बसवल्यापासून त्याचं अपडेट कोणी केलंय? नेटवाला येतो तो महिन्याचे पैसे न्यायला. दुरुस्तीची ती एक ओळ केव्हाच लिहून झाली, फुकट वाटूनही झाली. पण ती चौकापर्यंत आणायची कोणी? चिपवाला राउटरच्या कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी नव्या मॉडेलकडे. जुन्या मॉडेलला कोणी वालीच नाही.

फोनचंही तेच. सेटिंगमध्ये खोल कुठेतरी ‘सुरक्षा अपडेट’ची तारीख असते. बघून घ्या. काहींच्या फोनमध्ये ती हप्ते फिटायच्या आधीच थांबलेली असते.

फेब्रुवारी २०२४ पासून तर लिनक्स कर्नलवाल्यांनी त्रुटींना असे क्रमांक वाटायचं काम स्वतःच्याच हाती घेतलं. पहिल्याच वर्षात हजारोंनी वाटले. त्यांचं म्हणणं सरळ आहे: कर्नलमधली जवळपास कुठलीही चूक उद्या सुरक्षेची ठरू शकते, तेव्हा निवडत बसू नका, सगळंच अपडेट करा.

सगळंच?

हा सल्ला घेऊन बीडच्या मोबाइल दुकानात गेलात, तर काउंटरवरचा पोरगा मानही वर करणार नाही. ‘जुन्याला अपडेट येत नाही, दादा. नवाच घ्या. ईएमआय आहे.’