बारापैकी आठ

धरणगावच्या माणसाला समुद्राचं वेड वारशानं मिळत नाही. तापी आमच्या तालुक्याला वळसा घालून सुरतेकडे समुद्राला भेटायला जाते, सुरतेची रेल्वेही आमच्याच स्टेशनावरून जाते. पण आम्ही त्या गाडीत बसतो ते लग्नाचा बस्ता बांधायला. बस्ता बांधून झाला की संध्याकाळची परतीची गाडी. समुद्र सुरतेपासून पुढे कुठेतरी आहे, एवढं ऐकून असतो.

म्हणून मेलबर्नला मुलीकडे गेलो असताना जावयांनी गाडीची किल्ली हातात दिली आणि म्हणाले, "मामा, मामींना घेऊन ग्रेट ओशन रोडनं फिरून या. आरामात जा, जिथं आवडेल तिथं थांबा," तेव्हा गाडी चालवण्याची मला मुळीच धास्ती वाटली नाही. तिथंही डावीकडूनच चालवायची असते. धास्ती वाटली ती आरामाची. खानदेशात प्रवास म्हणजे कुणाची हळद, कुणाचा दहावा, नाहीतर सप्तशृंगीचा गड. पोचायचं, जेवायचं, निघायचं. मधे थांबायचं ते पंक्चर झालं तर किंवा रसवंती दिसली तर. विनाकारण रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीजवळ आपल्याकडे चार माणसं जमतात आणि "काय व्हयनं?" म्हणून विचारतात.

हा रस्ता टॉर्कीपासून ॲलन्सफर्डपर्यंत 240 किलोमीटरच्या वर. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे 3 हजार सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात कडे फोडून, कुदळ-फावड्यानं तो केला. जे परतले नाहीत त्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. ईस्टर्न व्ह्यूच्या लाकडी कमानीपाशी मी हे भारावून सांगत होतो. रोजगार हमीची कामं माहेरच्या गावात जवळून पाहिलेल्या बायकोनं दोनच गोष्टी विचारल्या: हजेरीपट कुणाकडे होता, आणि मजुरी वेळेवर मिळायची का? कमानीवर याचा उल्लेख नाही.

वळणं अशी, की एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला थेट पाणी. मी एरंडोलच्या रस्त्यावरच्या सवयीनं प्रत्येक वळणावर हॉर्न दिला. तिथं हॉर्न म्हणजे शिवी समजतात, हे समोरून येणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. हळू चालणाऱ्यांनी मागच्यांना वाट द्यावी म्हणून जागोजागी रुंद कडा सोडल्यात. आम्ही एकही सोडली नाही. साचलेली रांग पुढे जाताना जो तो हात दाखवायचा आणि ही मांडवाच्या दाराशी उभी असल्यासारखी प्रत्येकाला नमस्कार करायची.

लॉर्नला पहिल्यांदा वाळूत उतरलो. ही बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हाई तं नुसतं पानीच शे!" जावयांचा असा समज, की ज्या गावात बालकवी जन्मले त्या गावच्या माणसाला निसर्ग पाहून काहीतरी सुचणारच. मला किनाऱ्यावरचा पांढरा फेस पाहून जिनिंगच्या आवारातले कापसाचे ढीग आठवले, आणि त्यापाठोपाठ यंदाचा भाव. बालकवींना शेती नसावी.

अपोलो बेला बाकावर डबा उघडला. मुलीनं देशी दुकानातून ज्वारीचं आणि उडदाचं पीठ आणून कळण्याच्या भाकरी केल्या होत्या, सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा. मी भाकरीवर ठेचा पसरतोय तोच एका समुद्रपक्ष्यानं चतकोर उचलला. "आता मरंल ते," ही कळवळली. पक्षी परत आला. मान वाकडी करून ठेच्याकडेच बघत उभा राहिला. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही, असं शास्त्र सांगतं. हिच्या मते तो मूळचा आपल्याकडचाच.

मग ज्याच्यासाठी जग तिथं जातं ते ट्वेल्व्ह अपॉसल्स, म्हणजे समुद्रात उभे चुनखडीचे बारा सुळके. हिनं बोटानं मोजले. पुन्हा मोजले. "अहो, ह्या तं आठच शेतस!" आयुष्यभर बाजारात डझनाचे बारा मोजून घेतलेली बाई, तिला गप्प कसं करणार? चौकशीत कळलं, की 2005 साली त्यातला सुमारे 50 मीटरचा एक काही सेकंदांत कोसळला. म्हणजे त्याआधी नऊ. आणि बारा हे नाव पडलं तेव्हाही नऊच होते! पूर्वी या जागेला 'डुकरीण आणि तिची पिल्लं' म्हणत. ते नाव पर्यटकांना कसं रुचणार, म्हणून बदललं. जवळच्या 'लंडन ब्रिज' नावाच्या खडकाची कमान 1990 च्या जानेवारीत पडली, तेव्हा पलीकडे दोन पर्यटक अडकले आणि त्यांना हेलिकॉप्टरनं आणावं लागलं. "आरामात फिरत असतील," ही म्हणाली.

तर जायचं असेल तर लवकर जा. चुनखडी आहे, लाटा रोज थोडी थोडी खातायत, आणि मोजणी कमीच होत जाणार. डिसेंबर-जानेवारीत त्यांच्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते, तेव्हा गर्दी फार, मार्च बरा. आपला इंग्रजीत छापलेला परवाना पाहुण्यांना तिथं चालतो. भाकरी मात्र दोन जास्तीच्या घ्या.