वीस फुटांना अकरा क्लँप

गाळपाच्या दिवसांत श्रीपुरात चालणारा माणूस एक डोळा पुढं ठेवतो आणि एक मागं. पुढून उसाची डबल ट्रॉली येत असते, मागून बैलगाडी, आणि दोन्हींतून बाहेर आलेल्या कांड्यांना आपल्या गालाची भारी ओढ असते. अशा रस्त्यावर तात्या मान वर करून चालतात. आकाशाकडं नव्हे, ते इकडं वर्षातले दहा महिने कोरडंच, त्यात बघायचं काय? तात्या बघतात वळचणीकडं. कुणाच्या पत्र्याला पन्हळ आहे, कुणाच्या पन्हळीनं मधेच झोळ टाकलाय, कुणी क्लँपच्या जागी तार बांधून वेळ मारून नेलीय, अशी मोजदाद करत ते बसस्टँडपर्यंत जातात. आजवर तीनदा सायकलवरून पडले. तिन्ही वेळा धूळ झटकायच्या आधी जे वाक्य तोंडातून आलं ते समोरच्या घराच्या पन्हळीबद्दल होतं.

पन्हळी बसवणं हा तात्यांचा धंदा. तोही माळशिरस तालुक्यात! जिल्ह्याची पावसाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. कोकणात एखाद्या चांगल्या आठवड्यात एवढा उरकतो. इथं मृग ढग दाखवून जातो, आर्द्रा तेवढंही करत नाही, आणि खरा पाऊस येतो तो परतीचा, हस्ताच्या सुमाराला, बाकी महाराष्ट्र रेनकोट धुऊन ठेवायला लागला की. आमचा ऊस उभा आहे तो नीरेच्या कालव्यावर, ढगांवर नाही. तेव्हा इथं पन्हळी बसवून पोट भरणं म्हणजे माणदेशात होडी वल्हवून संसार करण्यासारखं. तात्यांनी तो केला, दोन पोरी उजवल्या, आणि वर गावाला पाण्याविषयी चार शब्द ऐकवायचा हक्क मिळवला.

तात्यांच्या लेखी श्रीपूरच्या इतिहासाचे दोन कालखंड. पहिला माळवदाचा. पांढऱ्या मातीची सपाट धाबी, आणि भिंतीतून हातभर बाहेर आलेली एकच लाकडी पन्हळ. पाऊस आला की ती गल्लीतल्या माणसाच्या टाळक्यावर नेम धरायची. "त्येला क्लँप न्हाई, ढाळ न्हाई, आन लाज बी न्हाई," हा तात्यांचा त्या संस्कृतीवरचा शेरा. दुसरा कालखंड पत्र्याचा. १९३४ साली चंद्रशेखर आगाश्यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, श्रीपूरला साखर कारखाना उभा राहिला, आणि तात्यांच्या मते कारखान्याबरोबर गावात खरी गोष्ट आली ती साखर नव्हे, उतरतं छप्पर. छप्पर उतरतं झालं म्हणून पागोळ्या आल्या, पागोळ्या आल्या म्हणून पन्हळ आली, आणि पन्हळ आली म्हणून तात्यांचे वडील. ते तेलाचे डबे उभे चिरून पन्हळी करायचे आणि जोडाला कथलाचा डाग द्यायचे. तात्यांच्या हातात जी. आय. पत्रा आला, मग पीव्हीसी. बाकी घराणं तेच.

कामावरचे तात्या ओळखायचे ते तोंडातल्या स्क्रूंवरून. शिडीवर चढले की चार स्क्रू ओठांत. त्या अवस्थेत त्यांना फक्त 'हं' म्हणता येतं, आणि गिऱ्हाईक खूश असतं, कारण त्याला वाटतं आपलं पटतंय. घाबरायचं ते तात्या स्क्रू तोंडातून काढून एकेक करून सदऱ्याच्या खिशात टाकायला लागले की. मग भाषण असतं.

आमच्या पुढच्या पत्र्याच्या शेडला पन्हळ बसवायची ठरली तेव्हा मी ते पहिल्यांदा जवळून ऐकलं. वळचणीची लांबी वीस फूट. तात्यांनी टेप गुंडाळला आणि म्हणाले, "अकरा क्लँप."

"अकरा?" मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे घासाघीस आकड्यानं करायची सवय. "तात्या, शेजारच्या भाऊसाहेबांनी वीस फुटांना सहात भागवलंय."

पहिला स्क्रू खिशात गेला.

"सर, पन्हळीत काय आसतं?"

"पाणी."

"किती?"

दुसरा आणि तिसरा स्क्रू गेला. मी गप्प. "सहा इंची अर्धगोल पन्हळ. वीस फूट. काठोकाठ. करा हिशेब, तुमी मास्तर हाय."

मी वर्तमानपत्राच्या कडेला त्रिज्येचा वर्ग, गुणिले पाय, भागिले दोन असं मांडलं. उत्तर आलं पंचावन्न लिटर. तात्यांनी कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. "म्हंजे साखरेचं एक पोतं, वर पाच किलो. आता भाऊसाहेबाच्या सा क्लँपवर पन्नास किलोचं पोतं आडवं टांगा, आन त्येच्याखाली वैनीस्नी भांडी घासाय बसवा."

आतून भांडी घासण्याचा आवाज थांबला. अकरा क्लँप ठरले.

नंतर कळलं की तात्या जगातली सगळी वजनं पोत्यात मोजतात. मेहुणा दीड पोत्याचा, पोलिस पाटलाची बुलेट साडेतीन. कारखान्याच्या गावात पोतं हे काही विनोदी माप नव्हे, पण एका ढगाला पोती लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी आमच्या छपराचाही हिशेब करून दिला. वीस बाय तीस फुटांचं छप्पर, त्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे पंचावन्न लिटर पाणी. वर्षाचा सगळा धरला तर तीस हजार लिटर. "तीन टँकर, सर. दर साली वरनं फुकट येत्यात आन तुमच्या पायात मुरत्यात. मग उन्हाळ्यात तुमी चौथा इकत घेताव." हा हिशेब मी पुढं आठवीच्या वर्गात माझा म्हणून घातला.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं, आणि ते बघण्यासारखं होतं. तात्यांनी आधी दोन टोकांचे क्लँप बसवले. एक डावीकडं उंच, एक उजवीकडं, जिथं पाणी उतरायचं तिथं, एक इंच खाली. स्क्रूखाली काळं रबरी वायसर, आणि स्क्रू पत्र्याच्या फुगीर घडीवर; खोलगट घडीवर भोक पाडणाऱ्याला तात्या 'पत्र्याचा खुनी' म्हणतात, कारण पाणी नेमकं तिथूनच वाहतं. मग दोन क्लँपांमधे लाइनदोरी ताणली, अंगठ्यानं टिचकी मारली, ती वाजली तेव्हा कान लावला. तंबोरा जुळल्यावर गवई जसा डोळे मिटतो तसे डोळे मिटले. मग उरलेले नऊ क्लँप त्या दोरीला टेकवत एकेक. प्रत्येक क्लँप बसला की खालून तळव्यानं एक चापट. सहाव्याची चापट त्यांना पटली नाही. तो उचकटला, वायसर बदललं, पुन्हा चापट. मला दोन्ही आवाज सारखेच ऐकू आले. पण भांडं घेताना माझी आई टिचकी मारून बघायची तेव्हाही मला सारखंच ऐकू यायचं.

पन्हळ चढली, आणि ही बाहेर येऊन म्हणाली, "तात्या, वाकडी दिसतेय."

इथं तात्यांच्या आयुष्यातलं मूळ दुखणं आलं. पन्हळ सरळ दिसली तर पाणी वाहत नाही आणि पाणी वाहिलं तर पन्हळ सरळ दिसत नाही. दहा फुटांना अर्धा इंच हा तात्यांचा ढाळ. त्याच्या आत पाणी पन्हळीतच मुक्काम करतं, डास होतात, गाळ बसतो. गेली चाळीस वर्षं गावातल्या बायका त्यांना वाकडी म्हणतायत आणि ते ढाळ म्हणतायत.

"वैनी, सरळ पायजे आसंल तर फोटूची फ्रेम लावा. ही पन्हळ हाय."

"तरी पण..."

तात्यांनी तांब्याभर पाणी मागितलं. शिडीवर चढून डाव्या टोकाला ओतलं आणि मोठ्यानं आकडे म्हणायला लागले. आठाला पाणी उजव्या तोंडातून बादलीत पडलं. तात्या उतरले, बादलीत बघितलं, तांब्यात बघितलं. "तांब्या भरून दिला, तांब्या भरून घ्या." एखाद्या सावकारानं व्याज सोडून मुद्दल परत करावं तसा त्यांचा चेहरा होता. मग जाता जाता म्हणाले की दोन तुकड्यांच्या जोडात पाव इंच फट मुद्दाम ठेवलीय, कुणी सिमेंटनं भरू नका. दहा फुटी पीव्हीसी थंडीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत तेवढी वाढते. फट नसली तर पन्हळ क्लँप उपटून बाहेर येते. "माणूस बी आसाच आसतू," असं काहीतरी ते पुढं म्हणणार होते, पण तेवढ्यात चहा आला.

पन्हळीला कंपनीच्या पत्रकात 'रेन गटर' म्हणतात. मागं अकलूजहून एक टाय लावलेला विक्रेता आला होता. त्यानं आमच्या आत्याबाईंना गुळगुळीत कागदावरचं चित्र दाखवलं आणि म्हणाला, "मावशी, घराला गटर लावून घ्या." आत्याबाईंचं सोवळ्याचं घर. "माझ्या देवघराच्या डोक्यावर गटार?" पोरगा फाटकाबाहेर जाईपर्यंत त्या बोलत होत्या, नंतरही बोलत होत्या. तात्यांनी तीच पन्हळ, त्याच कंपनीची, आठ दिवसांनी त्याच घराला बसवली. फक्त नाव बदललं. शब्दालाही ढाळ लागतो हे त्या पोराला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

बसवण्याची मुदत मात्र एकच: पालखीच्या आत. तुकोबांची पालखी अकलूजहून निघते, माळीनगरला उभं रिंगण होतं, आणि श्रीपूर कारखान्यावरून बोरगावच्या मुक्कामाला जाते. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक पडवीत, प्रत्येक वळचणीखाली वारकरी घटकाभर टेकतो. आणि आषाढातला एखादा शिडकावा नेमका तेव्हाच येतो. "म्हातारा माणूस देहूपासनं चालत आल्याला, त्येच्या मानंत तुमची पागोळी गेली तर पाप कुणाला?" असं विचारून तात्या ज्येष्ठात ऑर्डरी गोळा करतात. गाव तुळशी डोक्यावर घेतलेल्या बायकांच्या पाया पडत असतं तेव्हा तात्या दिंड्यांच्या ट्रकची ताडपत्री बघत असतात. दोर कुठं ढिला, पाणी कुठं साचणार. एका ट्रकवर चढून त्यांनी बांबू सरळ केला होता. माउलींनी त्यांना खाली उतरवून प्रसाद दिला. आजही तात्या तो 'मजुरी' म्हणून सांगतात.

एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले. परत आल्यावर घरच्यांनी विचारलं, कशी आहे? तात्या म्हणाले, "पोरगी बरी हाय. पर डाऊनपाइप पायात सोडलाय." पन्हळीचं पाणी उतरवणारा पाइप भिंतीच्या पायाशीच संपत होता, तीन फूट लांब नेला नव्हता. ज्या घराला आपलं पाणी पायापासून लांब न्यायचं सुचत नाही त्या घरची सोयरीक नको, असा त्यांचा मुद्दा. घरच्यांनी अर्थातच ऐकलं नाही. लग्न झालं, संसार उत्तम चाललाय. पण दोन वर्षांनी व्याह्यांच्या त्या भिंतीला ओल आली, आणि तात्या पाहुणचाराला गेले की जेवण होईपर्यंत त्या भिंतीला टेकून बसतात. बोलत काही नाहीत.

साफसफाई हा वेगळा अध्याय आहे; त्यात मी फार शिरत नाही. तोडणी झाल्यावर पाचट पेटवतात, त्याची काळी पिसं उडत येऊन पन्हळीत बसतात, वर कडुनिंबाचा पाला, वर चिमणीचं घरटं. पहिला पाऊस आला की बादलीत शाई. हे सगळं मेच्या अखेरीला काढायचं असतं, आणि गाव ते हस्तात काढतं. २०२०च्या ऑक्टोबरात आभाळानं जिल्हा झोडपला, नीरा-भीमा फुगल्या, त्यानंतर महिनाभर तात्यांच्या दाराशी रांग होती. तात्या प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारत होते: "मे म्हैन्यात कुठं हुताव?"

आमच्या पन्हळीची परीक्षा मात्र तीन महिने लांबली. मृग गेला, आश्लेषा गेली. येता-जाता तात्या वर बघायचे, आणि हिला म्हणायचे, "वैनी, सासरी आल्यापासनं बिचारीनं पाणी बगितलं न्हाई." शेवटी हस्तात एका रात्री साडेदहाला वारं सुटलं, दिवे गेले, आणि पत्र्यावर असा मारा सुरू झाला की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. मी बॅटरी घेऊन पडवीत आलो. पन्हळ डावीकडून उजवीकडं धावत होती. पाइपातून पाणी टाकीत पडत होतं. एक थेंब बाहेर नाही. हीसुद्धा आली, बघितलं, आणि पहिल्यांदाच 'वाकडी' म्हणाली नाही. मला वाटलं तात्या आत्ता इथं हवे होते.

तर ते होतेच. बॅटरीचा झोत शेजारी वळला तेव्हा दिसले. भाऊसाहेबांच्या सहा क्लँपांची पन्हळ मधोमध झोळ टाकून बसली होती. पाणी साचत होतं, साचलेल्या वजनानं ती आणखी वाकत होती, आणि वाकल्यामुळं आणखी साचत होतं. खालीच भाऊसाहेबांची नवी स्कूटर. घरात सामसूम, दार बंद. आणि कट्ट्यावर तात्या टाचा उंचावून उभे. नखशिखांत भिजलेले. छत्री होती, पण मिटलेली. तिचं टोक दोन्ही हातांत धरून, लाकडी मुठीचा वळसा त्यांनी पन्हळीच्या पोटाखाली बरोब्बर मधे लावला होता. वळसा अगदी क्लँपच्या आकाराचा. पन्हळ उचलली गेली होती आणि पाणी मुकाट्यानं तोंडाकडं चाललं होतं.

"तात्या!" मी ओरडलो. "आत या! काय करताय?"

त्यांनी मान वळवली नाही. नजर वर होती.

"सर, साचं सात केल्यात," ते म्हणाले. "भाऊसाहेबाला उठवा. आनखी चार मानसं लागत्याल."