बोर्ड कसला, नंबर कुठला?

“ऐकलंत का वहिनी? माझ्या जावेच्या भाच्यानं पारनाक्याजवळ बोर्ड लावलाय, ‘फायनान्शियल अॅडव्हायझर’! काल-परवापर्यंत चिकूचा माल टेम्पोत भरत होता. अख्खं आगर धावतंय त्याच्याकडे.”

“माल भरला म्हणून काय झालं ताई? पण परीक्षा कुठली दिलीय?”

“एनआयएसएमची. सर्टिफिकेट फ्रेम करून टांगलंय.”

“एनआयएसएम ही बाजार नियामक सेबीचीच संस्था, पाताळगंगेला आहे. पण तिच्या परीक्षा ढीगभर! ‘फाइव्ह-ए’ म्हणजे म्युच्युअल फंड विकणाऱ्यांची, 100 पैकी 50 ला पास. मग अॅम्फीकडून, म्हणजे फंड कंपन्यांच्या संघटनेकडून, एआरएन नंबर मिळतो. सल्लागाराला ‘टेन-ए’ आणि ‘टेन-बी’ दोन्ही लागतात. 60 टक्के हवेत, चुकलं की मार्क कापतात. आमची धाकटी तोच अभ्यास करतेय.”

“तिचं तर नुसतं बीकॉम!”

“आता पदवी पुरते. पूर्वी त्याहून जास्त शिक्षण आणि अनुभव मागायचे. 2024 च्या अखेरीस सेबीनं अट सैल केली.”

“मग भाचा कोण?”

“फाइव्ह-एवाला असेल तर वितरक. 2013 च्या नियमांखाली सेबीकडे नोंदणी झाली की ‘आयएनए’नं सुरू होणारा नंबर मिळतो. तो नसेल तर अॅडव्हायझर म्हणवून घेता येत नाही. बोर्ड बदलायला सांगा त्याला, उगाच अडकेल.”

“आणि ते सीएफपी काय असतं?”

“ती जगभर चालणारी पात्रता, इथं एफपीएसबी इंडिया देते. विमा, कर, निवृत्ती, वारसा, सगळं शिकवतात. पण फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सीएफपीवाल्यालाही सेबीची नोंदणी लागतेच.”

“भाचा मात्र एक पैसा फी घेत नाही हो!”

“फंड कंपनी देते ना त्याला! आपले पैसे आत आहेत तोवर कमिशन, तेही आपल्याच पैशातून. त्यात गैर काही नाही. पण दुकानदार कधी ‘आज काही घेऊ नका’ म्हणतो का?”

“तेही खरंच. तलासरीला माझ्या भावाची जमीन महामार्गात गेली. मोबदला खात्यात पडला नाही तोच दारात गाड्यांची रांग. एक तर म्हणाला, वर्षात दुप्पट, गॅरंटी!”

“त्याला चहासुद्धा विचारू नका. सेबीचा नोंदणीवाला परताव्याची गॅरंटी देऊच शकत नाही.”

“मग भावानं करावं काय?”

“दोन प्रश्न विचारायचे. तुमचा नंबर काय, आणि तुम्हाला पैसे कोण देतं? आयएनए नंबर सेबीच्या साइटवर तपासता येतो, एआरएन अॅम्फीच्या. सर्टिफिकेट भिंतीवर कोणीही टांगेल. या दोन्हीची सरळ उत्तरं मिळेपर्यंत एकाही कागदावर सही करू नको म्हणावं, मग तो जावेचा भाचा का असेना!”