बाथचे रुपये, रुपयांचा ऊस

नेवाशाच्या अण्णांना कंजूष म्हणणाऱ्यानं त्यांच्या घरचं लग्न नक्कीच जेवलेलं नाही. हजार पान उठलं तरी जिलेबीचं ताट घेऊन आग्रहाला अण्णा स्वतः फिरतात. गावात दिंडी आली की पहिली पंगत त्यांच्या दारात. अडतात ते एकाच ठिकाणी: जेवल्याचे पैसे द्यायची वेळ आली की.

तालुक्यात आता असे अण्णा पुष्कळ झालेत. ऊस भेंड्याच्या नाहीतर सोनईच्या कारखान्याला, कांदा घोडेगावच्या बाजाराला, मुलगा पुण्यात आयटीत. नोव्हेंबर 2023 मध्ये थायलंडनं भारतीयांना व्हिसा माफ केला आणि दिवाळीच्या सुट्टीत दिवेआगरऐवजी फुकेतचं नाव घराघरांत निघू लागलं. केसरी, वीणा वर्ल्डसारख्या कंपनीबरोबर गेलं तर जेवण बहुतेक पॅकेजातच येतं, वाटीचा दर अण्णांच्या कानावर पडत नाही. पोरानं मोबाइलवर सगळं ‘स्वस्तात’ बुक केलं की मात्र पंचाईत होते.

काकूंना हे आधीच माहीत असतं. त्यांच्या बॅगेत शेंगदाण्याची चटणी, बाजरीच्या खारोड्या, दशम्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेचा. तसा खाण्यापिण्याचा आणि समुद्राचा नेवाशाशी संबंध जुना आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी 1954 ते 1956 मध्ये इथं उत्खनन केलं, तेव्हा रोमन दारूच्या रांजणांची खापरं निघाली होती. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून माल नेवाशात यायचा. उलट दिशेची वाहतूक आता काकूंनी सुरू केली आहे.

फुकेतला अंदमानचा निळाशार समुद्र बघून अण्णा म्हणाले, “प्रवरासंगमाला जायकवाडीचा फुगवटा चढला की असंच दिसतं.”

“आजोबा, तिथं लाटा कुठं असतात?”

“वारं सुटलं की येत्यात.”

खरी लाट रात्री आली. घरच्या चवीसाठी भारतीय हॉटेल शोधलं होतं. अशा पर्यटनाच्या गावात दाल-रोटी ही परक्या पाहुण्यांची हौस, म्हणून ती शेजारच्या थाई नूडल्सहून महाग. कार्डावर प्रत्येक आकड्यापुढं अधिकची दोन चिन्हं होती. अण्णांना वाटलं, तिखटाची खूण असेल. बिल आलं तेव्हा उलगडा झाला. पदार्थांचे 3000 बाथ, त्यावर 10 टक्के सेवाशुल्क, त्या बेरजेवर 7 टक्के व्हॅट: 3531. बाथला पावणेतीन रुपये धरले तर नऊ हजार सातशेच्या वर.

रुपयांत आलेला आकडा अण्णांना अजून कच्चा वाटतो. तो उसात आणल्याशिवाय त्यांना पटत नाही. 2025-26 हंगामाची उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला टनामागं 3550 रुपये. “पावणेतीन टन ऊस खाल्ला आपण,” त्यांनी जाहीर केलं. “तोडणी-वाहतूक वजा केली तर तिनाच्या वर.”

“अण्णा, हळू बोला,” मुलगा म्हणाला.

“हळू काय? कारखाना वजा करून मारतो, ह्यो अधिक करून!”

दुसऱ्या दिवशी सुनेनं गल्लीतली एक खानावळ दाखवली. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं, म्हणजे थायलंडमधल्या चिनी परंपरेतलं निव्वळ शाकाहारी जेवण. मांस नाही, अंडं नाही, कांदा-लसूणही नाही. भात, टोफू, भाज्या; पाचही जणांचं मिळून 300 बाथ. आठ-सव्वाआठशे रुपये, पाव टनाच्या आतबाहेर. अण्णांनी दोनदा भात घेतला, वर काकूंची चटणी. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या काकू खूश झाल्या. अण्णांचा जीव मात्र खालीवर होऊ लागला. चाळीत कांदा पडून असलेल्या माणसानं बिनकांद्याच्या स्वयंपाकाचं कौतुक तरी कसं करावं?

म्हणून संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर गेले आणि अण्णा मंडईत. सुनेच्या मोबाइलमध्ये सूर्यास्ताचे फोटो जमले. अण्णांनी एकच काढला: कांद्याचा ढीग, वर दराची पाटी. बाथचे रुपये करून तो गावच्या ग्रुपवर टाकला. फुकेत कसं आहे, समुद्र कसा आहे, हे कुणी विचारलं नाही. पहिलं उत्तर घोडेगावहून आलं: “माल कुठला? भाडं किती पडंल?”

अण्णा खुर्ची ओढून दुकानदारासमोर बसले.